सांतियागो भिजतच येतो

ग्वादालाहारा, ११ मार्च

क्रेसेन्सियो,

फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलं आहेस. दारात आले तर बायकोला, चोलेला, पुढे करतोस आणि स्वतः मागच्या अंगणात कोंबड्या मोजत बसतोस. म्हणून हे पत्र. मार्गारितोकाका बसमधून आणतील आणि तुझ्या हातात देतील. त्यांच्यादेखत फाडू नकोस, म्हाताऱ्याला वाईट वाटेल. ते वळले की फाड.

पुढच्या आठवड्यात आमची माणसं आपल्या गावात, तेपाम्यात येतील. चर्चच्या घंटेशेजारी एक खांब उभा राहील, त्यावर भोंगा. दुसरा खांब ओढ्याकाठी, तुझ्या घरासमोर. त्याच्या वायरी कापू नकोस. तू कापशीलच, हे मला ठाऊक आहे. तुझी खोड मी आजची ओळखत नाही.

खाणीने धातू धुऊन उरलेला विषारी गाळ दरीच्या तोंडाशी एका मातीच्या भिंतीमागे साठवला आहे. ती भिंत तू रोज बघतोस, तुझ्या अंगणातून सरळ वर मान केली की तीच दिसते. आम्ही तिच्या पोटात कान पुरतोय. भिंत थरथरायला लागली की इथे ग्वादालाहाऱ्यात आमच्या मशीनला कळेल आणि मशीन कुणाला न विचारता भोंगे वाजवेल. अशी भिंत एकदम बसत नाही, आधी कुरकुरते. ती कुरकुरल्यापासून गाळ ओढ्यात उतरेपर्यंत चोले आणि तुमची छोटी मेचे चर्चचा चढ चढून गेलेल्या असतील. हे मी कागदावर मांडलेलं नाही. तू शेतावर गेला होतास तेव्हा येऊन पायी चालून बघितलं, मेचेच्या चालीने, वाटेत तिची एकदा चप्पल तुटते असं धरून.

मी खाणीचं मीठ खाते असं तू साऱ्या चौकात ओरडलास, माझ्या डोक्यावर त्यांचं पिवळं हेल्मेट होतं म्हणून. बाबांची छाती खाणीच्या धुळीने खाल्ली आणि पोरगी त्याच खाणीचं काम करते, असं. ऐकून घेतलं. पण मी काय काम करते ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आता सांगते. प्रोग्राम दुसरे लोक लिहितात. मी वाईट विचार करायचा पगार घेते. या कामात काय काय बिघडेल ते शोधायचं. ते घडायची शक्यता किती, एक ते पाच. घडलं तर नुकसान किती, एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार. आकडा मोठा आला तर ती गोष्ट लाल, लहान आला तर हिरवी. लालमागे सगळे हात धुऊन लागतात, हिरव्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आई मला अपशकुनी तोंडाची म्हणायची ना? त्या तोंडावरच माझं पोट चालतंय.

या कामात माझी सगळ्यात लाल गोष्ट काय आहे माहीत आहे? तुझं घर.

तुझी बहीण, तू मान किंवा मानू नकोस,
ओतिलिया


ग्वादालाहारा, ३० जुलै

क्रेसेन्सियो,

शिव्या पोचल्या. मार्गारितोकाकांनी जमेल तेवढ्या गाळून सांगितल्या, तरी पुष्कळ होत्या.

चूक आमची आहे. क्रुसाच्या टेकडीवरून सणाचे बार उडतात आणि टेकडीचा पाय भिंतीच्या पायाशी जोडलेला आहे, हे मी कामाच्या पहिल्याच बैठकीत सांगायला हवं होतं. तेपाम्याची मी एकटीच तर होते तिथे. संत सांतियागोच्या सणाचे नऊ दिवस बार उडणार, हे मला इतकं ठाऊक होतं की ते सांगण्यासारखं आहे हेच सुचलं नाही. बार उडाला, जमीन हादरली, भिंतीतले कान टवकारले, भोंगे बोंबलले. सगळं गाव अंगावरच्या कपड्यांनिशी चढावर पळालं आणि पाचितामावशी पायरीवर पडून मांडीचं हाड मोडून बसली. तिच्या दवाखान्याचं मी बघतेय. तिला सांग, मला शाप देताना नाव तरी पूर्ण घे, अर्धवट शाप लागत नाहीत.

पण चेंचो, मला झोप लागत नाही ती पाचितामावशीमुळे नाही. दुसऱ्यांदा भोंगा वाजला तेव्हा अर्धं गाव पळालं. तिसऱ्यांदा फक्त बायका. ऐन सणाच्या दिवशी, मुखवट्यांचा नाच रंगात असताना वाजला तेव्हा कुणीच पळालं नाही. लोक हसले आणि कुणीतरी भोंग्याला दगड मारला. एवढा पैसा ओतून आम्ही माणसांना न पळायला शिकवलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

काहीतरी करावं लागेल. काय ते अजून कळत नाही.

ओतिलिया


ग्वादालाहारा, २२ सप्टेंबर

चेंचो,

तू गेलास आणि कप तसाच ठेवलाय मी. हसू नकोस. धुईन उद्या.

दार उघडलं तर तू उभा, हातात चोलेने दिलेल्या पेरूच्या वड्यांचा डबा, आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, आत येऊन म्हणतोस काय, "कॉफीत साखर घालतेस का, की खाणीवाल्यांनी तीही कापली?" दोन वर्षांनी भाऊ घरी आला आणि पहिल्या वाक्यात टोमणा. मला इतकं बरं वाटलं की ओरडावंसं वाटलं.

तुझं बोलणं मी रात्रभर मनात घोळवलं. पुढच्या वर्षी सणाचा यजमान तू. सगळ्या गावाचं जेवण तुझ्या अंगणात. बाबांनी बोललेला नवस, जो फेडायच्या आत ते गेले. हे सगळं मला ठाऊक होतं, पण तू सांगताना तुझा आवाज अगदी त्यांच्यासारखा झाला.

"त्या दिवशी तुझा भोंगा बोंबलला ना ओती, तर सांतियागो स्वतः घोड्यावरून उडी टाकून पळेल."

"मग बार कमी उडवा."

"कमी? मग संताला कळणार कसं आम्ही अजून जिवंत आहोत ते?"

"टेकडीवरून नका उडवू. नदीपलीकडून उडवा."

"बाबा टेकडीवरून उडवायचे," तू म्हणालास, आणि मग खाली बघून, "नऊ दिवस गं. नऊ दिवस त्याला गप्प बसव. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

नाही मागितलंस. तेच तर. माझ्या शिक्षणासाठी बाबांनी वरचं शेत विकलं तेव्हाही तू काही मागितलं नाहीस, नुसता गप्प राहिलास, आणि त्या गप्प राहण्याचं ओझं मी इतकी वर्षं वाहतेय. तू काहीतरी मागावंस म्हणून मी काय केलं नसतं?

आज ऑफिसात बोलले. बाईंना, म्हणजे आमच्या साल्दिवारबाईंना, कल्पना पसंत पडली. गावाला भोंग्याचा वीट आला आहे, तो आणखी वाढण्यापेक्षा सणाचे नऊ दिवस मशीनने आपोआप वाजवू नये. भिंत थरथरली तर कामावरच्या माणसाला फोनवर खबर जाईल. तो गावात फोन करून विचारेल, बार उडतायत का? उडत असतील तर सोडून देईल, नसतील तर बटण दाबेल. बाई म्हणाल्या, "ओतिलिया, तू गावची, तुझ्याइतकं हे कुणाला कळणार?" खाणवाले तर खूशच. सणाला गव्हर्नरसाहेब यायचे आहेत म्हणे.

तुझ्याकडून मागणी आली हे मी सांगितलं नाही. खाणीपुढे हात पसरलेस असं कुणी म्हटलेलं तुला चालणार नाही. मला सुचलं असंच सांगितलं.

वड्या संपल्या. चोलेला सांग, डबा परत हवा असेल तर भरून पाठवायला लागेल.

ओती


ग्वादालाहारा, ४ नोव्हेंबर

चेंचो,

तुझं बघून मीही यंदा मृतांच्या दिवशी आईबाबांसाठी टेबल मांडलं. झेंडूची फुलं, मीठ, पाण्याचा पेला, बाबांच्या बिनफिल्टरच्या सिगारेटी. तुझ्यासारखं नाही जमलं, पण ते वाट चुकले नसतील अशी आशा आहे.

ऑफिसातली गंमत सांगते, तू हसशील. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. काम चालू असतानाच एक दिवस सगळ्यांनी बसायचं आणि हे काम मेलं असं धरून चालायचं. मग ते कशाने मेलं, ते एकेकाने सांगायचं. जिवंतपणी जे बोलायला माणूस कचरतो ते मढ्यासमोर बोलतो, असा त्यातला हिशोब. आमच्या बाईंनी ही बैठक मृतांच्या दिवसाला जोडली. म्हणजे मरण हडकुळी बाई होऊन न्यायला येतं अशा विनोदी कविता आपण एकमेकांवर करतो ना, तशीच कविता प्रत्येकाने आपल्या कामावर करायची. जो सगळ्यात जास्त हसवेल त्याला बाटली.

यंदा बाटली एवोदियोने मारली. एवोदियो म्हणजे माझ्या शेजारी बसतो तो जाड्या, प्रोग्राम लिहितो, दिवसभर भुईमुगाच्या शेंगा खातो. टेबलावर उभा राहून म्हणाला:

हडकुळीबाई आली गावात, चिखलाने माखून पाय,
भोंग्याला म्हणते, "ऊठ रे राजा, आज ओरडणार नाय?"
भोंगा म्हणतो, "सणाची रजा, ओतीबाईंची सही,
नऊ दिवस मी झोपणार आहे, कुणाला उठवत नाही."
हडकुळी म्हणते, "गुणाचं लेकरू! मीही मुकाट जाते,
ओतीबाईंच्या गणितात मी एकदाच कधी येते."

सगळे पोट धरून हसले. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटची ओळ मला होती. सणाच्या त्या रजेपुढे मी शक्यता एक लिहिली आहे, नुकसान पाच. एकपाचे पाच, हिरवा. वर्षातले नऊच दिवस, आणि नेमकी त्याच दिवसांत भिंत खचायची, म्हणजे किती विरळ, असा माझा हिशोब.

नंतर जिन्यात मी एवोदियोला पकडलं. "काय रे जाड्या, खरंच भीती वाटते का तुला?"

"वाटली म्हणून तर यमक जुळलं," तो म्हणाला. "पण आता बोलून झालं ना सगळ्यांसमोर. काय लिहायचं ते तू बघ."

आमच्याकडे असंच आहे. कवितेत बोललं की बोललं. ते पुन्हा गंभीर तोंडाने बोलणं म्हणजे सण नासवणं. त्याची कविता टेबलावर झेंडूच्या फुलांत दोन दिवस होती, मग फुलांबरोबर गेली. तू हसलास ना?

ओती


ग्वादालाहारा, ९ जुलै

चेंचो,

येते! रजा मिळाली. अगदी सणाच्या दिवशी पोचेन, मार्गारितोकाकांच्या पहिल्या बसने. नऊ दिवसांची फोनची पाळी खरं तर माझी होती, मीच मागून घेतली होती. शेवटच्या दिवसापुरती एवोदियोला दिली. गावात फोन करून विचारायचं तर माझ्यापेक्षा चांगलं कोण, असं तोच म्हणाला. म्हणजे मी टेकडीवर तुझ्या शेजारी उभी असणार आणि तो मलाच विचारणार. सोय झाली.

चोलेला सांग, बिर्याच्या रश्शासाठी बोकड किती ते मला विचारू नको, मी शहरात राहून मांस विकत घेणारी बाई झाले आहे. पण कांदे चिरायला बसेन. आणि मेचेसाठी लाल बूट घेतलेत. चिखलात घालू देऊ नका.

इथे चार दिवस पाऊस उघडला नाही, तिकडे तर धोधोच असेल. सांतियागो भिजतच येतो, आई म्हणायची. आजवर एकदा तरी कोरडा आला का? संताच्या मूर्तीच्या झग्याचा रंग दर वर्षी घोड्यावर उतरायचा आणि बाबा दर वर्षी घोडा पुन्हा पांढरा रंगवायचे.

काल हेच आठवलं आणि हात थांबला. सण नेहमी पावसात येतो आणि भिंत पावसातच फुगते. मग ती शक्यता एक कशी? तीन तरी लिहावी. पण तीनपाचे पंधरा, म्हणजे लाल. लाल झालं की खाणीची नव्याने सही लागते, आणि ती येईस्तोवर तुझा सण उलटून गेलेला असेल. तोवर भोंगे आपोआप वाजणार, तुझ्या नवसाच्या दिवशी, गव्हर्नरसाहेबांच्या पानावर. खाणीच्या इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, भिंत ओली आहे, पण ठणठणीत आहे. राहू दिलं.

मी निळा झगा घालणार आहे. ओळखशील ना?

ओती


ग्वादालाहारा, ३ ऑगस्ट

दादा,

तू दफनाला मला येऊ दिलं नाहीस. बरोबर केलंस. मी रस्त्याच्या वळणावर बसच्या आडून बघितलं. एकोणीस पेट्या. चोलेची कुठली ते मला दुरून कळलं नाही.

पोलिसांना आणि चौकशीवाल्यांना मी सांगितलं ते तुला कळलंच असेल. तुला न सांगता येणारं असं काही नाही, तू तिथेच होतास. तरी लिहिते. माझ्या डोक्यात ते थांबत नाही, कागदावर तरी एकदा थांबेल.

आपण टेकडीवर होतो. पाऊस जरा उघडला होता. तू बाबांची टोपी घातली होतीस आणि सिगारेटच्या निखाऱ्याने वाती पेटवत होतास, अगदी त्यांच्यासारखा, दर वेळी मान फिरवून. खाली तुझ्या अंगणातून धूर येत होता. एवढ्या उंचावरूनही चोले ओळखू येत होती, तिच्या त्या पिवळ्या एप्रनमुळे. पहिली पंगत बसली होती. मग माझा फोन वाजला.

"ओती, भिंत थरथरतेय," एवोदियो म्हणाला. "बार आहेत ना?"

"अरे, कानठळ्या बसल्यात माझ्या!"

"नक्की ना? जरा जास्तच थरथरतेय गं. मधे थांबतच नाहीये."

"तूच ऐक," म्हणून मी फोन वर धरला, हात उंच करून. तू माझ्याकडे बघितलंस, हसलास आणि फोनच्या दिशेने ओरडलास, "त्याला सांग, अजून चार डझन बाकी आहेत! सांतियागो बहिरा होईपर्यंत!"

एवोदियो हसला. "तुझा भाऊ का? बरं, बरं, उडवा. माझ्या नावाने एक उडव." आणि त्याने ती खबर सोडून दिली.

बार थरथरवत होतेच रे. आणि भिंतही थरथरत होती. दोन्ही एकदम. त्याच्या यंत्राला वेगळं करून सांगता येत नव्हतं, म्हणून तर माणसाला विचारायचं ठरलं होतं. आणि तो माणूस मी होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "चेंचो, थांब जरा, दोन मिनिटं बार थांबव, बघू दे." तू थांबला असतास. कुरकुरला असतास, पण थांबला असतास. मग त्या शांततेत भिंतच तेवढी थरथरत राहिली असती.

त्यानंतर तू सबंध एक डझन उडवलेस. एवढा वेळ होता. चोले दोनदा जाऊन आली असती चढावर.

मग ते झालं. आपण दोघांनी वरून बघितलं. आवाज नव्हता फारसा, तुझ्या बारांपुढे तर नव्हताच. भिंत मधूनच बसली, ओल्या गोणीसारखी, आणि करडं काहीतरी ओढ्यात उतरलं. तू चोलेच्या नावाने ओरडत खाली धावलास. मी एवोदियोला फोन लावला, भोंगे वाजले. वाजले तेव्हा चर्चसमोरचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, लागला बोंबलायला!

मेचे वाचली ती तुझ्या-माझ्यामुळे नाही. आईने नको म्हटलं असताना मुखवटे बघायला पळाली होती म्हणून वाचली. लाल बूट घालून.

ओती


ग्वादालाहारा, ६ नोव्हेंबर

दादा,

तीन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

मला कामावरून काढलं. साल्दिवारबाईंनीही नोकरी सोडली. एवोदियो आईकडे तेकिला गावाला निघून गेला आहे, शेंगा खाणंही सुटलं म्हणतात. चौकशीत त्याला विचारलं, फोनवर आणखी कुणाचा आवाज आला होता का? तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, सणाची गर्दी, असेल कुणीतरी. एवोदियोने मान डोलावली. चांगला माणूस आहे. मग विचारलं, नऊ दिवस भोंगे गप्प ठेवा अशी मागणी गावातून कुणी केली होती का? मी म्हटलं, नाही. मला सुचलं. गावची मी, गावाला खूश करायचं होतं.

गावात तू सांगतोस की बहिणीने माझी बायको मारली. मार्गारितोकाकांनी हे मात्र गाळलं नाही, जसंच्या तसं सांगितलं. सांग. खुशाल सांग. तू सांगतोस तेच मी साहेबांसमोर सांगते, आपलं दोघांचं म्हणणं एकच आहे. मी तुझं नाव कधी घेणार नाही. लोकांनी तुझ्याकडे तशा नजरेने बघितलं तर मेचेला कोण वाढवणार?

पण आपल्या दोघांत खोटं बोलायचं नाही. तू मागितलंस आणि मी दिलं. त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात आपण दोघं किती खूश होतो रे. इतकी वर्षं मी भीती विकत होते, आणि त्या एका दिवशी मला कशाचीच भीती वाटली नाही. मला तुझा राग येतो. कधी कधी इतका येतो की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. तुलाही माझा येत असेल. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची?

आता चार दिवसांपूर्वीचं सांगते. शिव्या देण्याआधी पूर्ण वाच.

चौकशी संपेपर्यंत आमचं मशीन सील करून ठेवलं आहे. उरलेली अर्धी भिंत आणि तिच्यामागचा गाळ मात्र तिथेच आहे. म्हणून तात्पुरती सोय केली आहे: भिंत थरथरली की एका यादीतल्या माणसांच्या फोनवर खबर जाते, आणि त्यातल्या कुणीही बटण दाबलं की भोंगा वाजतो. त्या यादीत माझं नाव अजून आहे. कामावरून काढताना माझ्याकडून किल्ली घेतली, ओळखपत्र घेतलं, कॉफीचा कपसुद्धा मोजून घेतला, पण यादीतून नाव काढायला कुणाला सुचलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव राहून जाणं, ही जोखीम मीच कधीतरी मांडली होती. हिरवी ठरली होती.

मृतांच्या दिवशी पहाटे मी चोलेसाठी टेबल मांडत होते. पेरूच्या वड्या मिळाल्या नाहीत, बाजारातल्या आणल्या. फोन थरथरला. तेपामे, भिंत, कंप.

मला लगेच कळलं की बार आहेत. मृतांना वाट दिसावी म्हणून कुणीतरी टेकडीवरून उडवत असणार. कंप थांबत होता, पुन्हा येत होता, अगदी बारांच्या लयीत. मी तेपाम्याची आहे, मला ती लय झोपेतही कळते. यादीतल्या बाकीच्यांनाही कळली असावी, कुणी बटण दाबलं नाही. फोन करून विचारायचीही गरज नव्हती. टेकडीवरही मला असंच नक्की वाटलं होतं.

मी बटण दाबलं.

दोन्ही भोंगे, पूर्ण आवाजात. थडग्यांपाशी मेणबत्त्या लावून बसलेलं सगळं गाव उठलं, फुलं तुडवली गेली, चोलेच्या थडग्यावरचा पाव कुणाच्या तरी पायाखाली आला, पाचितामावशीला दोघांनी खुर्चीसकट उचललं. पुन्हा खोटा भोंगा. माझं नाव यादीतून काढलं असेल आता. माझ्यावर आणखी एक खटला भरतील, असं वकील म्हणतो. भरू देत.

काल मार्गारितोकाका मुद्दाम भेटायला आले, मला चार शब्द ऐकवायला. सगळं ऐकवून झाल्यावर मी एकच विचारलं, कुणी हसलं का? ते म्हणाले, "कोण हसतंय पोरी आता? सगळे पळाले. एकही मागे राहिला नाही. चेंचो तर मेचेला खांद्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे, अनवाणी."

ओती